आठाचे चार

“दहापैकी किती दुखतं, मावशी? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.”

“आठ,” शकुन म्हणाली. गळ्यात पट्टा होता. समोरच्या भिंतीला सांगावं तशी बोलली.

शेजारी बसलेले तिचे यजमान उत्तमराव हसले. अंजनगाव सुर्जीची केळी अमरावतीत आणून विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. समोरच्यानं आकडा टाकला की आधी तो निम्मा करायचा, मग बोलणं सुरू. चार दिवसांपूर्वी राजापेठेत शकुन बसलेल्या उभ्या ऑटोला मागून कार धडकली, शकुनच्या मानेला हिसका बसला. रक्त नाही, एक्स-रेच्या फोटोत हाड शाबूत. उत्तमरावांच्या हिशेबी रक्त नाही तिथं मार नाही.

“म्याडम, बाई भाजी इकते. आठ सांगते, चारात देते. तुमी चार लिवा.”

फिजिओथेरपीवाली हर्षा हसली नाही. “काका, या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधतो आम्ही. चार असेल तर मान बहुतेक दीडेक महिन्यात मोकळी होते. सातच्या वर असेल तर दुखणं मुरायची भीती. मग आत्तापासूनच जपावं लागतं. ओझं बंद, इथं नेमानं येणं.”

“नेमानं? मंग दुकानावर कोन बसन?”

“मावशी, तुम्हीच सांगा.”

शकुननं नुसते डोळे नवऱ्याकडे वळवले.

“लिवा मंग चार,” ती म्हणाली.

आठव्या दिवशी ती दुकानावर होती. पट्टा घालून, पालकाच्या जुड्या बांधत. चौथ्या महिन्यात तराजू हातातून सुटायला लागला. मान वळवली की चक्कर, रात्र रात्र डोकं ठणकायचं. हर्षानं जुना कागद काढला आणि त्यावरचा आकडा पाहिला.

“आता हे मुरलं. किती सुटेल, सांगवत नाही. अंदाज असा चुकायला नको होता. तेव्हा चारच होतं ना?”

“चारच,” उत्तमराव म्हणाले.

शकुन भिंतीकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शकुनच्या भाजीच्या दुकानावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. शिकवणीच्या क्लासला निघालेली एक बाई थांबली, मेथीची जुडी उचलली.

“कशी दिली?”

भाव विसाचा होता. “चाळीस,” उत्तमराव सवयीनं म्हणाले आणि घासाघिशीला सरसावून बसले.

बाईनं चाळीस रुपये त्यांच्या हातावर ठेवले, जुडी पिशवीत टाकली आणि चालू लागली. उत्तमराव गडबडले. असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

“अवो बाई,” त्यांनी हाक मारली, “तुमी भाव काहून नाही केला?”

ती वळली. तिलाच नवल वाटलं.

“शकुनताईच्या दुकानात कोनी भाव नाही करत, काका. त्या सांगतात तेवढंच असते.”