दोन बोटं उंच

"डिझायनर कोण, माहीत आहे का काका? वेग्नर की फिन युल? वेग्नर निघाला तर मी इथेच नाचेन."

श्रुतीने दारात चपला काढल्या आणि सरळ खुर्चीपाशी जाऊन उकिडवी बसली. पुण्याची मुलगी, कामाने इंजिनिअर. जुन्या डॅनिश खुर्च्यांचं वेड. खुर्ची विकायची जाहिरात बघून ती हेन्डरसनला रमणकाकांच्या घरी आली होती.

"नाव नाही ठाऊक," रमण सोफ्यावर बसूनच म्हणाले. "पण माणूस शहाणा. माझ्या गुडघ्यांना ही एकच खुर्ची मानवते."

ते खरं होतं. सोफ्यातून उठायला त्यांना दोनदा झोका घ्यावा लागे. या सागवानी खुर्चीतून ते सहज उठत. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आले, तेव्हा बायकोने, सुचित्राने, त्यांना हिच्यातच बसवलं होतं. खुर्ची नुकतीच पॉलिश होऊन आली होती. तेलाचा वास येत होता. चहा झाला आणि ते कुणाचा हात न धरता उभे राहिले. "मानलं तुझ्या डेन्मार्कवाल्याला!" ते म्हणाले. मग रोजच म्हणू लागले. सुचित्रा नुसती हसायची.

खुर्ची खरं तर तिची. एका गॅरेज सेलमधून तिने हौसेने आणलेली. रमण उठले की ती बसायची. चक्क मांडी घालून.

"अगं, लाउंज चेअर आहे ती, पाट नव्हे," ते चिडवायचे. "डेन्मार्कला कळलं तर परत मागतील."

"मागू देत. अहो, मांडी घातल्याशिवाय मला बसल्यासारखंच वाटत नाही."

उन्हाळा संपता संपता सुचित्रा गेली. त्यानंतर रमण खुर्चीत बसले नाहीत. त्यांची मुलगी जुई त्यांना आपल्याकडे, दुसऱ्या गावी रोटोटुनाला बोलावत होती. तिथली खोली लहान होती. पण जाहिरात त्यांनी त्यासाठी दिली नव्हती. रिकामी खुर्ची त्यांना बघवत नव्हती.

श्रुतीने खुर्ची अलगद उलटी करून कार्पेटवर ठेवली. "कंपनीचा शिक्का खालीच असतो," ती म्हणाली. मग एका पायावरून बोट फिरवत राहिली.

"काका, हिचे पाय वाढवलेत."

"छे. पहिल्यापासून अशीच आहे ती."

"नाही हो. हा सांधा बघा. चारही पायांना खालून तुकडे जोडलेत, चांगली दोन बोटं. लाकूड सागवानच, रंगसुद्धा जुळवलाय. वरून कळूच नये असं काम आहे." ती हळहळली. "मुळात ही बुटकी असणार. कोणी केलं हे? पण असू दे, मी कापून पहिल्यासारखे करून घेईन."

रमण बघत राहिले. खुर्ची पॉलिशला गेली, तेव्हा ते हॉस्पिटलात होते. त्याआधीच्या दुपारी त्यांना आठवल्या. खिडकीपाशी याच खुर्चीत पेपर वाचणारी ठेंगणी सुचित्रा. मांडी नाही. दोन्ही पावलं जमिनीवर नीट टेकलेली.

मांडी त्यानंतरची होती.

ते उठायला गेले. पहिल्या झोक्याला जमलं नाही. दुसऱ्याला उठले.

"सरळ कर ती."

श्रुतीने खुर्ची सरळ केली. रमण तिच्यात बसले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि तसेच ठेवून राहिले.

"काका, बरं वाटतंय ना? पाणी आणू?"

"कापायचे नाहीत पाय," ते म्हणाले. "आणि खुर्ची द्यायची नाही. तुला उगाच हेलपाटा पडला बाळा."

"अहो, त्याचं काही नाही. पण झालं काय?"

"तू मघाशी डिझायनरचं नाव विचारलंस ना?"

"हो."

"सुचित्रा."