मधली जागा

म्हातारी बेर्त आपल्या गवताच्या रानात पाहुण्यांना तंबू ठोकू द्यायची. तिची रीत ठरलेली होती. "आधी फिरून जागा निवडा, नावं मग लिहू."

ओदिल, तिचा नवरा गास्पार आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी लीन यांनी कुंपणाजवळची जागा निवडली. तिथे तंबूएवढं गवत पिवळं पडलं होतं.

"कुणीतरी कालच उठून गेलंय," गास्पार म्हणाला.

"तिथून?" बेर्त गाईआडून ओरडली. "या वर्षी तुम्हीच पहिले!"

गास्पारने तंबू पसरला. हातोडा लागलाच नाही. प्रत्येक खुंटीसाठी जमिनीत भोक तयार होतं. तंबूचा एक कोपरा फाटका, म्हणून तिथली दोरी ते दोन हात लांब बांधत. त्या खुंटीचंही भोक बरोब्बर तिथेच होतं.

"हसू नकोस, पण आपण दुसरीकडे जाऊ," ओदिल म्हणाली.

"भोकांना घाबरलीस? आळशी माणसाला आयतंच मिळालं की!"

ओदिलने तंबू गुंडाळायला घेतला. खालचं गवत तिने आता नीट पाहिलं. दोन्ही कडांना माणसं झोपल्यावर उमटावेत तसे दोन खोलगट ठसे होते. दुरून सगळंच पिवळं वाटलं होतं, पण मधली पट्टी, जिथे तंबूत दोघांच्या मध्ये लीन नेहमी झोपे, ती हिरवीगार उभी होती.

"ही माझी जागा!" म्हणत लीन धावत आली आणि तिथे आडवी झाली.

"ऊठ! लीन, आधी ऊठ!"

ओदिलने तिला दंडाला धरून उचललं.

लीन पडली होती तिथलं एकही पातं वाकलं नव्हतं.