कोरा तुकडा

नांदेडच्या या प्रयोगशाळेत माझं पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे. सिलिकॉनच्या तुकड्यांवर नॅनोस्फटिक वाढवायचे आणि त्यांचं चुंबकत्व मोजायचं, एवढंच मी करते. प्रबंध छापायला गेलाय. आता झोपूनही थकवा जात नाही.

काल सहज पडताळणीसाठी मशीनमध्ये कोरा तुकडा ठेवला. त्यावर काहीच वाढवलेलं नव्हतं, म्हणजे चुंबकत्व शून्य यायला हवं. तर आलेख तोच, पाच वर्षं येतोय तोच.

"लोखंडी चिमटा लावला असशील," गाईड मॅडम फोनवर वैतागल्या. "त्याचे कण चिकटतात, किती वेळा सांगायचं?"

मी प्लास्टिकचाच चिमटा वापरते. लोखंडी नुसता टेबलावर पडून असतो.

आज तोच कोरा तुकडा वैजनाथमामांना ठेवायला लावला. ते इथले जुने शिपाई, चाकूरचे. मी खाली जिन्यात जाऊन थांबले. चुंबकत्व शून्य आलं. मग माझे स्फटिकांचे तुकडेही एकेक करून त्यांनाच ठेवायला लावले. सगळे शून्य.

मी आत येऊन स्टुलावर बसले. रडायचंही त्राण नव्हतं. क्षणभर डोळे मिटले.

उघडले तेव्हा मघापर्यंत खिडकीकडे टोक असलेला लोखंडी चिमटा माझ्याकडे टोक करून पडला होता.

मामांनी तो न बघताच उचलला आणि पुन्हा खिडकीकडे वळवून ठेवला.

"लई कटाळा आला बघा ताई," ते म्हणाले. "पाच साल झाले, दिवसातून धा खेपा हेच करायलोय."