पोलाद विरुद्ध जल्लाद

"ह्याला आत कुणी घेतलं?"

पोलाद खुर्चीतून अर्धा उठला. मांडीवरचा पेपर खाली घसरला. दारात उभ्या असलेल्या जल्लादने हातातली पिशवी छातीशी धरली आणि दर रविवारचं वाक्य म्हटलं, "अरे, मी आहे. ओळखलं नाहीस का?"

ओळखलं होतं, हीच तर पंचाईत होती.

"बाबा, काका आहेत ते," पोलादची मुलगी म्हणाली. "तुमचे मित्र."

"मित्र? पाठीत खुर्ची घालतो हा. पंचाची पाठ वळली की डोळ्यांत भुकटी फेकतो."

यातलं काहीच खोटं नव्हतं. बावीस वर्षं जल्लादने कुस्तीच्या रिंगमध्ये खलनायक म्हणून हेच केलं होतं. फक्त ती भुकटी आधी दोघं मिळून चाळून घेत, डोळ्यांना खुपू नये म्हणून. कोण जिंकणार, कोण कितव्या मिनिटाला आपटणार, सगळं ठरलेलं असे. ते लोकांना कळू नये म्हणून धंद्याचा नियम असा, की नायकाने आणि खलनायकाने बाहेर एकत्र दिसायचं नाही. एका गाडीत बसायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही. दोघांनी तो इतक्या इमानाने पाळला, की त्यांची सगळी दोस्ती हजारो लोकांचे शिव्याशाप ऐकत, एकमेकांची मान आवळूनच झाली.

त्यातही एक रीत होती. ज्याने मान आवळलीय त्याने दुसऱ्याचा हात हळूच दाबायचा. ठीक आहेस ना? दुसऱ्याने उलट दाबायचं. ठीक आहे, चालू दे. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. जल्लादला आयुष्यात इतक्या वेळा हा प्रश्न दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता. बायकोनेही नाही, आणि तिच्याकडे त्याची कारणं होती.

रिंग सुटल्यावर दोघं उघडपणे चहा प्यायला लागले, तेव्हा केस पांढरे झाले होते. आणि मग पोलाद विसरू लागला. आधी चष्मा, मग घराचा पत्ता, मग बायको गेल्याचं. शेवटी रिंगमधलं सगळं ठरवून केलेलं होतं हेही तो विसरला. मारामारी तेवढी लक्षात राहिली.

"काका, उद्या सकाळी दादा येतोय," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "बाबांना घेऊन जाईल. मला एकटीला आता नाही हो झेपत."

"फार लांब ना?"

"विमानाने जावं लागतं."

जल्लादने मान हलवली. म्हणजे हा शेवटचा रविवार. एकदा, जाण्याआधी फक्त एकदा, पोलादने आपल्याला मित्र म्हणून ओळखावं एवढंच त्याला हवं होतं. त्याने पिशवीतून एक फोटो काढला. दोघांचा एकत्र असा हा एकच. कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून काढलेला. दोघं घामाने निथळत एका बाकावर बसलेले आणि पोट धरून हसतायत. इतकी वर्षं त्याने तो कपाटाच्या तळाशी ठेवला होता.

पोलादने फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"मी? ह्याच्याबरोबर हसणार?" पोलादने फोटो भिरकावला. "लबाड माणसा!"

आणि तो उठला. गेले चार महिने काठीशिवाय न चालणारा म्हातारा दोन ढांगांत आला आणि त्याने जल्लादची मान काखेत धरली.

"बाबा! सोडा त्यांना!"

जल्लादला सहज सुटता आलं असतं. कोपराचा एक धक्का, की पोलाद मागे फरशीवर पडला असता, आणि या वयात मोडलेलं हाड जुळत नाही. जल्लादच्या स्वतःच्या खुब्यात धातूचा सांधा होता. पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बावीस वर्षं पडण्याचं खातं त्याच्याचकडे होतं. त्याने तोल जाणाऱ्या पोलादच्या कमरेला हात घातला, त्याचं सगळं वजन स्वतःवर घेतलं, हनुवटी छातीला लावली आणि पाठीवर पडला. पोलाद अलगद त्याच्या अंगावर आला. त्याला ओरखडासुद्धा उठला नाही. जल्लादच्या खुब्यातून मात्र कळ थेट दातांपर्यंत गेली.

"चोर! कपटी! आज सोडत नाही तुला!" पोलाद त्याच्या कानाशी ओरडत होता. डोळ्यांत खराखुरा राग होता. एक हात मानेभोवती होता, दुसऱ्या हाताने त्याने जल्लादचं मनगट पकडलं होतं.

मग तो हात खाली सरकला. जल्लादच्या तळव्यात शिरला आणि त्याने तो हळूच दाबला.

जल्लादचे डोळे भरून आले.

"काका, लागलं का हो?" मुलगी गुडघ्यांवर बसली होती. "काहीतरी बोला ना! ठीक आहात ना?"

जल्लादने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, पण बोटं हलवली नाहीत. उत्तर दिलं की विचारणं संपतं. त्याने हात तसाच सैल ठेवला आणि वाट पाहिली.

वर शिव्या चालूच होत्या. खाली हाताने पुन्हा विचारलं.