साचिको घरी येते

चौथ्या भागात साचिकोनं आईचं पत्र न उघडताच कपाटात टाकलं, तेव्हा पद्मिनीबाईंनी पोळीचा घास हातात तसाच धरला आणि दीपाला विचारलं, "ही परत जाते का गं घरी?"

"वॉच कर ना आई. मी सांगणार नाही."

फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये शनिवारी संध्याकाळी ही जपानी मालिका लागायची, खाली इंग्रजी अक्षरं. पहिले तीन भाग हुकले होते, पण अडलं नाही. साचिको टोकियोत नोकरी करते, उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावचा मुलगा तिला आवडतो, आणि गावाकडे एकटी असलेली आई दर पत्रात घरी ये म्हणते. दीपा आपल्याला हे का दाखवतेय, ते पद्मिनीबाईंनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं होतं.

दीपाच्या ऑफिसात तेत्सुओ नावाचा जपानी इंजिनिअर होता. दोन वर्षांसाठी आलेला, ऑगस्टमध्ये साप्पोरोला परत जाणार. दीपाला त्याच्याशी लग्न करून बरोबर जायचं होतं. तिनं आरडाओरडा केला नाही, जेवण सोडलं नाही. एवढंच म्हणाली, "तू हो म्हणालीस तरच जाईन, आई. नाही म्हणालीस तर नाही. आय मीन इट."

भांडली असती तर नाही म्हणणं सोपं होतं. या सभ्यपणापुढे पद्मिनीबाई अडकल्या. नवऱ्याला, नरेंद्रांना, विचारलं, तर ते तुम्ही दोघी ठरवा म्हणाले आणि लॉनला पाणी घालायला निघून गेले. तेवीस वर्षं अमेरिकेत काढल्यावर त्यांचं हे लॉन दर कठीण प्रसंगी तहानलेलं असायचं.

पद्मिनीबाई माणसांचा हिशेब चोख ठेवत. आपण कोणाच्या बारशाला गेलो, आपल्या सत्यनारायणाला कोण न येता फोनवर सॉरी म्हणालं, सगळं तोंडपाठ. वेळही त्या तशीच जपत. दिवाळी अंक आला की कथेचा शेवट आधी वाचायचा आणि तो पटला तरच सुरुवातीला हात घालायचा. त्यामुळे त्यांची कधी फसगत झाली नव्हती.

गुरुवारी दीपा ऑफिसला गेल्यावर त्यांना तिच्या पलंगावर एक जाडजूड पुस्तक दिसलं. मालिका जिच्यावरून काढली, ती मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. तेत्सुओनं दिलेली. आत सगळी चित्रं आणि जपानी अक्षरं. दीपानं बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं, ते पार शेवटाजवळ. आणि पोरगी सकाळीच म्हणाली होती, कालच सुरू केलंय. म्हणजे हिला शेवट माहीत आहे आणि ही लपवतेय.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. पहिल्या पानावर बर्फातलं घर, केसांत पांढरी बट असलेली कुणी बाई, तिचा नवरा, दोन मुलं. असतील कुणी शेजारीपाजारी. मधलं सगळं सोडून त्या थेट शेवटच्या पानावर गेल्या.

जुन्या घराचं दार. दारात आई. समोर हातात पिशवी घेतलेली साचिको. दोघी एकमेकींपुढे कमरेतून वाकलेल्या. बाकी कुणी नाही.

पद्मिनीबाईंनी पुस्तक होतं तसं ठेवलं आणि स्वतःसाठी चहा टाकला. मुलगी शेवटी आईकडे परत येते, हे जपानी माणसांनीच लिहून ठेवलंय, त्यांच्याच मुलीबद्दल. मग आपली तर साता समुद्रापलीकडची. नाही म्हटलं तर दीपा घरात राहील, पण जन्मभर आपल्याकडे बघून उसासे टाकेल. हो म्हटलं तर दोन-तीन वर्षांत आपणहून पिशवी घेऊन दारात उभी राहील, आणि तेव्हा आपण एका शब्दानं बोलायचं नाही. फक्त दार उघडायचं.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "जा."

दीपा त्यांच्या गळ्यात पडून रडली. नरेंद्र चकित होऊन घरातच थांबले. ओळखीतल्या लतिकाकाकूंनी जावयाला पुरणपोळी झेपेल का म्हणून टोमणा मारला, पण शेवटी म्हणाल्या, "पद्मिनी, आम्हाला नसतं हो जमलं." तेही पद्मिनीबाईंनी लक्षात ठेवलं.

जुलैत लग्न झालं. मालिका बघणं तेव्हाच थांबलं. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत वेळ कोण घालवणार? विमानतळावर दीपा आणि तेत्सुओ वाकले. "पुस्तक तुझ्यासाठी ठेवलंय आई," दीपा म्हणाली. "शेवट तुला आवडेल."

"आवडला," असं पद्मिनीबाई मनात म्हणाल्या.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. खिडकीपर्यंत बर्फ साचलंय आणि आम्ही घर घेतोय.

"घ्या की," पद्मिनीबाई म्हणाल्या. "विकताही येतं."

पण फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या सॅन होजेच्या जपानी वाणसामानाच्या दुकानात गेल्या. तिथं मालिकेच्या टेप भाड्यानं मिळत. हुकलेल्या भागांपासून बघू, म्हणजे तेवढीच सोबत. दुपारी जेवण आटोपून त्यांनी टेप लावली.

संगीत थांबलं. जुन्या घराचं दार. दारात आई. समोर हातात पिशवी घेतलेली साचिको. दोघी वाकल्या.

चुकून शेवटची दिली वाटतं, असं म्हणत त्या डबी बघायला उठल्या. डबीवर आकडा होता एक.

पडद्यावर साचिको सरळ झाली, पाठ फिरवली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. आई दारातच उभी राहिली.

पद्मिनीबाईंनी फडताळातून पुस्तक काढलं. बसचं तिकीट अजून तिथंच होतं, या दारापासून दोन पानांवर. म्हणजे जपानी पुस्तक आपल्या उलट, उजव्या टोकाकडून सुरू होतं. पोरगी खरं बोलली होती; तिनं कालच सुरू केलं होतं. त्यांनी पुस्तक पालथं केलं आणि दुसऱ्या टोकाचं पान उघडलं. बर्फातलं घर, नवरा, दोन मुलं, आणि केसांत पांढरी बट आलेली, हसणारी साचिको.