फॉरमॅट मारा लागते

अल्लीपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा चंद्रभान एकटाच, म्हणून स्वतःला इंजिनीयर समजायचा. दीपमाला आयटीआयमध्ये शिकवून परतली तेव्हा सासऱ्यांच्या बंद कॉम्प्युटरवर त्याचा निकाल तयार होता: "सिस्टीम उडाली. फॉरमॅट मारा लागते, सगळं पुसल्या जाईन." सासऱ्यांनी त्यात छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या, एकविसांपैकी दोघंच उरले होते. "म्हाताऱ्यांची बडबड ठेवून काय करता?" चंद्रभान हसला. दीपमालेला त्याच्याशी वाद घालणंही कमीपणाचं वाटलं. ती खुर्चीत बसली. "वहिनी, हे भाकरी थापणं नाई." तिने दुरुस्तीचा काळा पडदा उघडून कमांड टाइप केली, सिस्टीमच्या खराब फाइली एकेक सुधारत गेल्या. अर्ध्या तासाने कॉम्प्युटर सुरू झाला. रेकॉर्डिंगमधला वारलेल्या बहिणीचा आवाज ऐकून सासरे रडले. चंद्रभान हळूच म्हणाला, "कमांड लिहून देजा." "पडद्यावरच होती, भाऊ. तुमाले वाचता येत नाई का?"