निळ्या औषधाची पारख

लाखनीच्या डॉक्टरनं गोमाजीला काचेची नळी, निळं औषध आणि एक वही दिली होती. औषधात लघवीचे आठ थेंब टाकून रोज तापवायचं; निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर. महिनाभर वहीत विटकरीच. गोमाजीला वाटलं, औषधातच काहीतरी खोट आहे, डॉक्टर गिऱ्हाईक धरून ठेवतो. एका सकाळी त्यानं बायकोचे थेंब टाकून पाहिले आणि थेट दवाखाना गाठला.

"धुरपताचे थेंब टाकले, तरी विटकरीच. तिले कायची साखर, डॉक्टरसाहेब? वाळून काडी झाली. घागरभर पाणी पेते अन् दिवसभर धानात राबते."

डॉक्टरनं कोरी वही काढून तिच्यावर धुरपताचं नाव लिहिलं.

"एवढं पाणी कधीपासून पिऊन राहिली?"